नकाशात माणूस कुठे बसवायचा

पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही कळंबला गेलो होतो. मुलीच्या बापानं मुलाचं सगळं विचारून झाल्यावर माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "एका संस्थेत ज्ञान सांभाळतो." त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कोणाचं?" लग्न जमलं, पण त्या घरात आजही मी आलो की पोरं कुजबुजतात, ते ज्ञानवाले चाचा आले, सांभाळून बोला.

खरं सांगायचं तर नोकरीच्या एवढ्या वर्षांत माझं काम माझ्या बायकोलाही कळलं नाही. तिनं एकदा मोहल्ल्यात सांगितलं होतं की हे ऑफिसात बसून अळ्यांची लग्नं लावतात. मी रागावलो होतो. आता वाटतं, इतकी नेमकी व्याख्या आमच्या साहेबांनाही जमली नव्हती.

संस्था कापसाच्या शेतकऱ्यांची. जिनिंग होतं, बियाण्याचं दुकान होतं, यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी सल्ला केंद्रं होती आणि एक फोनचं टेबल होतं. शेतकऱ्यानं फोन करायचा, पिकाला काय झालं ते सांगायचं, आम्ही उपाय सांगायचा. वर्षं ती, जेव्हा बोंडअळीनं बीटी बियाण्याला भीक घालणं सोडलं होतं. बाहेरून बोंड टपोरं, फोडलं की आत अळी पाय पसरून बसलेली. भाव पडलेला, पाऊस मर्जीचा मालक, आणि फोन इतके यायचे की उन्हाळ्यात त्या रिसीव्हरवर भाकर शेकता आली असती. मी शेकली नाही, कारण पीठ आणायला वेळ मिळाला नाही. पांढरकवड्याच्या केंद्रातला पंखा तर असा फिरायचा की त्याच्या पात्यावर चिमणीनं घरटं बांधलं, अंडी घातली, पिल्लं उडून गेली, तेव्हा कुठे एक फेरा पुरा झाला.

तर या केंद्रांत माणसं हुशार होती. अडचण एवढीच की प्रत्येकाची हुशारी त्याच्यापाशीच राहायची. एक जण बदलून गेला की त्याच्यासोबत त्याचं डोकंही एसटीत बसून जायचं. बोरी अरबचा एक म्हातारा होता, अस्सल खोडसाळ. आजारी झाडाची एकच फांदी त्यानं तीन केंद्रांवर फिरवली. एकानं सांगितलं किडीमुळे पान वळलं, दुसऱ्यानं सांगितलं रोग आहे, तिसऱ्यानं सांगितलं पाणी जास्त झालं. म्हाताऱ्यानं मला फोन लावला.

"सलीमभाऊ, तुम्ही तिघं पहिले आपसात भांडून घ्या. जो टिकन त्याचा नंबर मले द्या."

हा फोन साहेबांनी ऐकला आणि माझं काम सुरू झालं. साहेब म्हणजे गुल्हाने साहेब, संस्थेचे संचालक. माणूस वाईट नव्हता. सकाळी देवपूजा करून यायचा, कोणाचा पगार अडवायचा नाही. त्याला फक्त एकच भीती होती, ती म्हणजे बाहेरून येणारा परीक्षक. संस्थेला मदत करणारे लोक दरसाल एक परीक्षक पाठवायचे. तो पाहायचा की ही संस्था जे जाणते ते सांभाळते का, वापरते का. त्याच्या शेऱ्यावर पुढची मदत ठरायची, आणि मदतीवर आम्ही सगळे.

साहेबांनी पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीला गाठलं. त्यांनी एक शब्द आणला, ऑन्टॉलॉजी. हे तिचं कागदावरचं नाव. आम्ही तिला नकाशा म्हणायचो.

आता हे काय असतं ते सांगतो, घाबरू नका. सोयरीक जमवणारा मध्यस्थ पाहिला आहे ना? त्याच्या डोक्यात काय असतं? नुसती नावांची यादी कोणाच्याही खिशात सापडते. त्याच्या डोक्यात नाती असतात. हा कोणत्या घराण्यातला, याचा मामा कोण, कोणाचं कोणाशी जमतं, कोणाचं विळ्या-भोपळ्याचं. आमचा नकाशा तसाच. गुलाबी बोंडअळी ही अळ्यांच्या घराण्यातली. ती बोंड खाते. बोंड कापसाचं. अमुक औषध तिच्यावर चालतं. तमुक चालत नाही, ते पांढऱ्या माशीवर चालतं. अशी हजारो नाती कॉम्प्युटरला शिकवली की फोनवरची नवखी पोरगीसुद्धा वीस वर्षांच्या तज्ज्ञासारखं उत्तर देते. नाती गोळा करण्याचं काम माझ्याकडे. मी जिल्हाभर फिरलो, लोकांच्या डोक्यातून नाती उपसली, जसं विहिरीतून गाळ उपसतात. भगत मॅडम ती तपासायच्या. त्या आमच्या कृषितज्ज्ञ. शिक्षण भरपूर, बोलणं मोजकं. त्यांनी एखाद्या नात्यावर काट मारली की ते पुन्हा उठत नसे.

नकाशा चांगला की वाईट हे कसं ठरवायचं? त्याचीही रीत असते. नकाशा काढायच्या आधीच प्रश्न लिहून ठेवायचे, की याला एवढं तरी सांगता आलं पाहिजे. काढून झाला की तेच प्रश्न विचारायचे. शिवाय त्याचं उत्तर शेतातल्या खऱ्या गोष्टीशी जुळतं का ते पाहायचं. आमच्या नकाशात पाच घराणी होती: पीक, कीड, औषध, हवामान आणि साधन. साधन म्हणजे पंप, नोझल, ड्रम, तोंडाला बांधायचा मास्क. प्रश्न विचारले की नकाशा धाडधाड उत्तरं द्यायचा. साहेब खूश. मी तर गावात सांगत फिरायचो की आमच्या नकाशाला अळीचं सासरही माहीत आहे.

माणूस मात्र त्यात नव्हता. तो कोणी वगळला नाही. त्याची आठवणच कोणाला झाली नाही. नकाशाच्या हिशेबी माणूस म्हणजे फोन करणारा, आणि फोन करणारा म्हणजे शेतकरी. पण आमच्याकडे फोन करतो मालक आणि फवारतो दुसराच. मालक सावलीत उभा राहून ऐकतो, 'तोंडाला बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, हात धुवा.' मान डोलावत हाव हाव म्हणतो. आणि तो दुसरा तिकडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ड्रममध्ये काठीनं औषध ढवळत असतो. सगळ्या सूचना त्या माणसाच्या कानात जायच्या ज्याला त्यांची गरज नव्हती.

असाच फवारणारा एक होता लक्ष्मण टेकाम. पांढरकवड्याकडचा गोंड माणूस, उंचीनं बेताचा, हसरा. पंपामागे मजुरी घेऊन लोकांची रानं फवारायचा. माझी त्याची ओळख माझ्या मोठ्या भावामुळे. रशीदभाईंचं पांढरकवड्याला पंप दुरुस्तीचं दुकान. टेकामचा पंप गळायचा आणि सगळं औषध पाठीवर उतरायचं. भाई रागावायचे.

"अरे लक्ष्मण, वायसर बदल ना बे. पाठ पाह्य कशी सोलून निघाली."

"गळू द्या ना भाई. पाठ थंड राह्यते. मालकाचं ऊन अन् पंपाचं पाणी, दोन्ही फुकट."

भाई वायसर बदलायचे आणि पैशाचं विसरायचे. टेकाम पुढच्या वेळी चारोळी किंवा मोहाची फुलं ठेवून जायचा.

मी एकदा साहेबांकडे विषय काढला होता. म्हटलं, "साहेब, फवारणारा नकाशात नाही. त्याला काही झालं तर आपला नकाशा मुका आहे."

साहेब म्हणाले, "सलीमभाऊ, आपण पिकाची संस्था. माणसाचं पाहायला दवाखाना आहे. तो त्याचा नकाशा काढेल."

"पण विष आपण सांगतो ना."

"औषध सांगतो," साहेब म्हणाले, आणि फाइल उघडली.

त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता. खोटं वाटेल, पण मी उंट त्यात हरवलेला पाहिला आहे. बरं, उंट नसेल, पण बैल नक्की होता. एवढ्या उंच पिकात फवारायचं तर नळी वर धरावी लागते, आणि वर गेलेला फवारा खाली येताना आधी तोंडावर येतो.

भर दुपारी रशीदभाईंचा फोन आला. भाई घाबरले की त्यांची भाषा खिचडी होते.

"सलीम, लक्ष्मण गिर गया रे. रानातच पडला. यवतमाळले नेलं त्याले. डॉक्टर इचारते कोणतं औषध होतं. कोणालेच सांगता येत नाही. त्याची बायको इथं दुकानात येऊन बसली, पंप घेऊन."

"पंप कशाला?"

"तिले वाटते मी पंप खोलला की सांगीन अंदर काय होतं. मैंने खोलला. तीन वास येऊन राह्यले. मी पंपाचा मेकॅनिक आहे, विषाचा नाही. तुझं ते यंत्र सगळं सांगते म्हणतोस ना? तर सांग."

मी फोनच्या टेबलाकडे धावलो. भगत मॅडम तिथंच होत्या. दवाखान्यातले डॉक्टरही लाइनवर आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. रोग्याची लक्षणं एका विषाशी जुळत नव्हती, एकमेकांत मिसळलेली दिसत होती. एका विषाचा उतारा दुसऱ्यावर चालेलच असं नाही. त्यांनी अंदाजानं उपचार सुरू केला होता, पण नावं मिळाली तर हात बांधलेले राहणार नाहीत.

टेकामच्या बायकोला, मैनाबाईला, भाईंनी फोनवर दिलं. ती रडत नव्हती. एकेक शब्द तोलून बोलत होती, जणू चुकीचा शब्द पडला तर तिकडे काही तुटेल.

"दादा, एक डबी निळ्या बुचाची. एक पांढरी, बुटकी. अन् एक पुडी होती, दुकानदारानं वरून देल्ली. मालक म्हणे तिन्ही एकाच ड्रममंधी टाक, म्हणजे एकाच फेऱ्यात होते."

इथे बाहेरच्या वाचकाला एक सांगितलं पाहिजे. तीन औषधं वेगवेगळी मारायची तर तीन फेरे, तीन मजुऱ्या. म्हणून आमच्याकडे तिन्ही एका ड्रममध्ये पडतात. जिल्हाभर हीच रीत. सगळ्यांना ठाऊक, औषधाच्या दुकानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी नाती उपसत जिल्हा पालथा घातला, पण ही रीत नकाशात आली नाही, कारण ती बरोबर नव्हती. नकाशात फक्त बरोबर गोष्टी ठेवायच्या असं ठरलं होतं.

मी नकाशाला विचारलं, निळ्या बुचाचं काय? नकाशाला बूच ठाऊक नव्हतं. विचारलं, बोंडअळीवर काय काय चालतं? त्यानं लांबलचक यादी फेकली. डॉक्टरांना वाचून दाखवू लागलो तर ते म्हणाले, "भाऊ, यादी माझ्याकडेही आहे. या माणसाच्या अंगात काय गेलं ते सांगा." आमचा नकाशा किडीकडून औषधाकडे सरळ धावायचा. माणसाकडून औषधाकडे यायला त्यात वाटच नव्हती.

मालकाचा फोन बंद. पोलीस येतील म्हणून तो पाहुण्यांकडे निघून गेला होता. भगत मॅडमनी एका जागी बसून सगळी कॉल नोंद उलटीकडून चाळली. मालक त्याच आठवड्यात दोनदा आमच्याकडे बोलला होता. एकदा बोंडअळीचं विचारलं, एकदा पांढऱ्या माशीचं. दोन वेगळ्या पोरींनी दोन वेगळी उत्तरं दिली. दोन्ही अचूक. नकाशानं दोन्हींपुढे 'समाधान झाले' असं लिहून ठेवलं होतं.

पुडीचं नाव काढायला मी स्वतः दुकानदाराला फोन केला.

"टॉनिक होतं भाऊ. नुसतं टॉनिक. झाड हिरवंगार होते."

"नाव काय त्याचं?"

"आता नाव कोण ध्यानात ठेवते. येते माल, जाते माल."

"अरे, माणूस मरून राह्यला तिकडे."

"म्हणून तं नाव नाही सांगत," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

संध्याकाळ व्हायच्या आत दोन नावं डॉक्टरांना दिली. तिसरं नाही. डॉक्टर म्हणाले, पाहतो. दुसऱ्या दिवशी टेकाम गेला. पुढे डॉक्टरांना एकदा मी विचारलं, तिन्ही नावं दुपारीच मिळाली असती तर? ते म्हणाले, "वाचला असता, किंवा नसता. मला खोटं बोलता येत नाही." मला येतं. आयुष्यभर बोलत आलो, उंट हरवतो, चिमण्या पंख्यावर बसवतो. पण मैनाबाई दुकानात आली तेव्हा मला एकही थाप सुचली नाही. ती म्हणाली, "दादा, तुम्ही तं लय धावपळ केली." मी पंपाकडे पाहत राहिलो.

ऑफिसात बैठक बसली. परीक्षक पुढच्याच आठवड्यात येणार होता आणि दवाखान्याच्या फोनची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो विचारणार हे नक्की. साहेबांनी घाम पुसला.

"फवारणारा नकाशात टाका. आजच."

मी म्हटलं, "साहेब, नीट टाकायचा तर नवं घराणं काढावं लागेल. माणूस. त्याचं शरीर, त्याचा मालक, तो कोणासोबत काय मिसळतो, त्याला कोण सांगतं. अख्खा नकाशा पुन्हा मांडावा लागेल."

पुण्याचा कंपनीवाला फोनवर होता. तो म्हणाला, "नवं घराणं म्हणजे दोन-तीन महिने. सध्या आहे त्यातच कुठे बसतो का बघा. साधनमध्ये टाकू? पंप, नोझल, मास्क तिथेच आहेत. फवारणीला लागणारी गोष्ट म्हणून चालेल."

भगत मॅडमनी मान वर केली. "माणूस साधन आहे?"

साहेब म्हणाले, "सध्यापुरता."

मी म्हटलं, "साहेब, टेकामला पंपाशेजारी बसवायचं तर मग त्याला वॉरंटीही देऊन टाका." कोणी हसलं नाही. मीही हसलो नव्हतो. ठराव झाला आणि फवारणारा साधनाच्या घराण्यात गेला, पंपाच्या खाली, मास्कच्या वर.

परीक्षक आला. चष्मा, हसतमुख, चहाला नको म्हणणारा. त्यानं नेहमीचे प्रश्न विचारले, नकाशानं धाडधाड उत्तरं दिली. मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आता मी एक वेगळा प्रश्न विचारतो." त्यानं स्वतः टाइप केलं: फवारणाऱ्याला चक्कर आल्यास काय करावे?

इथे धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. नकाशात जो ज्या घराण्यात जातो त्याला त्या घराण्याचे सगळे नियम आपोआप लागतात. वेगळं शिकवावं लागत नाही. अळीच्या घराण्यातली नवी अळी आली की तिला खाणं येतंच. आणि साधनाला जे काही होतं त्याला आमच्या नकाशात एकच नाव होतं, बिघाड. कंपनीवाल्यानं घाईघाईत चक्कर, उलटी, डोळ्यांची आग, सगळं तिथेच नेऊन टाकलं होतं.

पडद्यावर उत्तर आलं. परीक्षकानं ते मोठ्यानं वाचलं.

"बिघडलेले साधन बाजूला ठेवावे. पर्यायी साधन वापरून फवारणी पूर्ण करावी."

साहेब टेबलाच्या कडेकडे पाहत होते. परीक्षकानं ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. चांगला माणूस होता, त्याचे कान लाल झाले. पण त्याच्या पद्धतीत पुढची पायरी ठरलेली होती, आणि पायरी सोडणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं भगत मॅडमकडे वळून विचारलं, "तुम्ही तज्ज्ञ आहात. हे उत्तर शेतात प्रत्यक्ष जे घडतं त्याच्याशी जुळतं का?"

भगत मॅडम उभ्या राहिल्या. त्या कधी उभ्या राहून बोलत नसत.

"जुळतं, सर," त्या म्हणाल्या. "मी परवा त्या रानात जाऊन आले. टेकामला माती दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकानं टेकामच्याच मेहुण्याला बोलावलं. त्यानं दुरुस्तीच्या दुकानातून तोच पंप नेला आणि उरलेलं रान फवारलं. ड्रममध्ये काय होतं ते मी विचारलं. तो म्हणाला, जे भाऊजींनी मारलं तेच."

परीक्षकानं गुणांचा कागद पुढे ओढला. मग त्यानं पेनाचं टोपण काढलं. त्या प्रश्नाला आम्हाला पूर्ण गुण मिळाले.